लिस्बनच्या मानचिन्हातील नौका आणि डोमकावळे

पोर्तुगालची राजधानी असलेल्या लिस्बन नगरीचे मानचिन्ह शब्दांत सांगायला सोपे आहे. सोनेरी रंगाच्या ढालीवर एक काळी नौका आहे, तिची एकुलती डोलकाठी मधोमध उभी आहे आणि शीड परबाणाला गुंडाळलेले आहे. नौकेच्या नाळेवर एक व पिछाडीवर एक असे दोन काळे डोमकावळे समोरासमोर तोंड करून बसले आहेत, आणि नौकेखाली हिरव्या व रुपेरी लाटांचे सात पट्टे आहेत. ढालीच्या वर पाच बुरुजांचा सोनेरी मुकुट, भोवती एका लष्करी सन्मानाची माळ आणि खाली नगरीला ‘अत्यंत उदात्त व सदैव एकनिष्ठ’ म्हणणारी पट्टिका, एवढ्यात ही रचना पूर्ण होते. लिस्बनच्या पदपथांवर, दिव्यांच्या खांबांवर आणि पाणपोयांच्या दगडांवर ही नौका इतक्या ठिकाणी कोरलेली आहे की ती पाहिल्याशिवाय शहरातून फिरणे अशक्य आहे. आणि तरीही ती नौका कोणाची, तिच्यात काय आहे आणि डोमकावळ्यांसारखे मांसभक्षक पक्षी एका राजधानीच्या मानचिन्हावर काय करीत आहेत, याचे उत्तर शोधण्यासाठी रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

मानचिन्ह म्हणजे ढालीच्या आकारात, ठरावीक रंगांत आणि ठरावीक नियमांनी रचलेले ओळखचिन्ह. पश्चिम युरोपात बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ही पद्धत रूढ झाली, कारण शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला सरदार रणांगणावर ढालीवरच्या चित्रावरूनच ओळखता येत असे. पुढे हे चिन्ह वंशपरंपरेने चालू लागले, कागदपत्रांवरील मोहरांवर उमटू लागले आणि ज्या संस्थांना मोहोर लागते त्या सर्वांनी, म्हणजे मठांनी, व्यावसायिकांच्या संघांनी आणि नगरांनी, ते स्वीकारले. या सगळ्या व्यवहाराचे जे शास्त्र बनले त्याला मराठीत कुलचिन्हशास्त्र म्हणता येईल. त्याचे दोन नियम लिस्बनची ढाल समजून घेण्यास पुरेसे आहेत. पहिला असा की सोनेरी आणि रुपेरी यांना ‘धातू’ मानतात, तर लाल, निळा, हिरवा, काळा व जांभळा यांना ‘रंग’. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही, म्हणजे आकृती दुरूनही स्पष्ट दिसते. सोन्यावरची काळी नौका हा या नियमाचा अगदी पाठ्यपुस्तकात शोभावा असा नमुना आहे. दुसरा नियम असा की मानचिन्हाची अधिकृत व्याख्या चित्रात नसते, ती शब्दांत असते. शब्दांत दिलेले वर्णन पाळून चित्रकाराने नौका लांबट काढली किंवा डोमकावळ्यांची पिसे फुगवली तरी मानचिन्ह तेच राहते. म्हणूनच लिस्बनमध्ये फिरताना एकाच नौकेची डझनभर रूपे दिसतात आणि त्यांतले एकही चुकीचे नसते.

या नौकेकडे पाहून बहुतेकांचा पहिला तर्क पोर्तुगीजांच्या समुद्रपर्यटनाकडे जातो. वास्को द गामा १४९७ मध्ये लिस्बनच्या बेलेम भागातून भारताकडे निघाला, तेव्हा अशा नगरीने मानचिन्हावर जहाज कोरणे साहजिक वाटते, आणि भारतातील वाचकाला तर हे जहाज आपल्या किनाऱ्याकडे येणारेच असणार असे वाटण्याचा संभव अधिक. तो तर्क टिकत नाही. नगरीच्या मोहरांवर ही नौका तेराव्या शतकातच दिसते, आणि लिस्बनमधील आंदालूझ नावाच्या जुन्या पाणपोईवर १३३६ या वर्षाच्या शिलालेखासोबत ती दगडात कोरलेली आहे. म्हणजे गामाचा जन्म होण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीच नौका, डोमकावळे आणि नगरी यांचे नाते पक्के झालेले होते. समुद्रपर्यटनांच्या काळातील पोर्तुगीज जहाजे अनेक डोलकाठ्यांची आणि अनेकदा तिकोनी शिडांची होती. ढालीवरची नौका मात्र एकाच डोलकाठीची, साध्या बांधणीची मध्ययुगीन नौका आहे. ती व्यापाराची नाही, युद्धाची नाही आणि शोधमोहिमेचीही नाही. तिच्यात एका मृत माणसाचे अवशेष आहेत.

तो माणूस म्हणजे संत व्हिन्सेंट. आजच्या स्पेनमधील सारागोसा येथील चर्चमध्ये तो डीकन होता. डीकन म्हणजे बिशपच्या हाताखाली उपासना आणि दानधर्म यांची कामे पाहणारा दीक्षित सेवक. सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांवर जो छळ आरंभला त्यात व्हिन्सेंटला व्हालेन्सिया येथे नेऊन यातना देण्यात आल्या आणि परंपरेनुसार इ. स. ३०४ मध्ये त्याचा अंत झाला. त्याचा स्मृतिदिन २२ जानेवारीला पाळला जातो. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांतच प्रुडेन्शियस या लॅटिन कवीने हुतात्म्यांवरील आपल्या काव्यमालेत त्याच्यावर दीर्घ रचना केली, यावरून त्याची कीर्ती किती लवकर पसरली होती हे कळते. हुतात्म्याच्या कथेचा जो भाग पुढे मानचिन्हात उतरला तो मृत्यूनंतरचा आहे. रोमन अधिकाऱ्याने प्रेताचीही विटंबना व्हावी म्हणून ते उघड्या माळावर हिंस्र पशूंसाठी टाकले, पण एका डोमकावळ्याने पंख फडफडवून पक्ष्यांना आणि लांडग्याला हुसकावून लावले; मग प्रेत जात्याचा दगड बांधून समुद्रात बुडवले, तर ते पुन्हा किनाऱ्याला लागले आणि भक्तांनी त्याचे दफन केले.

मराठी वाचकाच्या मनात मृतदेह आणि कावळा हे दोन शब्द एकत्र आले की दहाव्याचा पिंड आणि काकस्पर्श येणारच. तेथे कावळा पिंडाला शिवतो आणि मृताची इच्छा पूर्ण झाल्याची खूण पटते. व्हिन्सेंटच्या कथेत मात्र कावळा शिवत नाही आणि दुसऱ्या कोणाला शिवूही देत नाही, हाच चमत्कार आहे. गावकावळ्यापेक्षा बराच मोठा, जाड चोचीचा आणि नखशिखांत काळा असा हा डोमकावळा रणभूमीवर प्रेतांचे लचके तोडणारा पक्षी म्हणून युरोपभर प्रसिद्ध होता. ज्याच्यापासून प्रेताला भय, त्यानेच राखणदार व्हावे, ही उलटापालट मध्ययुगीन श्रोत्याला तत्काळ उमगत असली पाहिजे. इलाइजा नावाच्या संदेष्ट्याला अरण्यात कावळ्यांनी अन्न आणून दिल्याची बायबलमधील कथाही त्या श्रोत्याला ठाऊक होती, त्यामुळे हा पक्षी ईश्वराच्या आज्ञेने आपला स्वभाव सोडतो हे त्याला नवे नव्हते.

व्हालेन्सियाचा हुतात्मा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर कसा आला, याची कथा इस्लामी सत्तेच्या काळात घडते. आठव्या शतकात इबेरियन द्वीपकल्पाचा बहुतेक भाग मुस्लिम राजवटीखाली गेला. कोर्दोबाचा इतिहासकार अर-राझी याच्या नावावर असलेल्या वृत्तांतानुसार अमीर अब्द-अर-रहमान याच्या भीतीने व्हालेन्सियाच्या ख्रिस्ती लोकांनी संताचे अवशेष उचलले आणि ते पळत पळत युरोपच्या अगदी नैर्ऋत्य टोकापर्यंत पोहोचले. हे टोक म्हणजे साग्रेस गावाजवळचा कडा, ज्याला आज सेंट व्हिन्सेंटचे भूशिर म्हणतात. ग्रीक व रोमन लोक त्या परिसराला ‘पवित्र भूशिर’ म्हणत आणि तेथे रात्री राहण्यास मनाई होती, कारण रात्री ती जागा देवांची, असे भूगोलकार स्ट्रेबोने नोंदवले आहे. जेथे जमीन संपते आणि पुढे केवळ अटलांटिक महासागर उरतो, अशा जागेला धर्म बदलले तरी पावित्र्य चिकटून राहते, हे या भूशिराच्या बाबतीत स्पष्ट दिसते.

युरोपात व्हिन्सेंटचे अवशेष आपल्याकडे असल्याचा दावा लिस्बनने एकट्यानेच केलेला नाही. फ्रान्समधील कास्त्र येथील मठानेही नवव्या शतकात तसा दावा केला होता, आणि पॅरिसच्या साँ-जर्मेन-दे-प्रे या मठाची स्थापना संताचे वस्त्र ठेवण्यासाठीच झाली असे सांगतात. अशा दाव्यांतला खरा कोणता हे ठरवण्याचे साधन इतिहासाकडे नाही. भूशिरावर डोमकावळ्यांशी जोडलेले एक ख्रिस्ती श्रद्धास्थान खरोखर होते, याला मात्र भक्कम पुरावा आहे, आणि तो मुस्लिम लेखकाचा आहे. अल-इद्रिसी हा अरब भूगोलकार सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या आश्रयाला होता आणि त्याने ११५४ मध्ये पूर्ण केलेल्या भूवर्णनात या टोकावरील ‘कावळ्यांच्या चर्च’चा उल्लेख आहे. त्या चर्चच्या छपरावर कावळे असतात आणि ते तेथून कधी हटत नाहीत, तेथील धर्मोपदेशक त्यांच्याविषयी अद्भुत गोष्टी सांगतात आणि येणाऱ्या प्रवाशांना अन्न देतात, असे तो लिहितो. संताचे अवशेष लिस्बनला हलवले गेले ते ११७३ मध्ये. म्हणजे एका तटस्थ परधर्मीय लेखकाने कावळ्यांची नोंद त्याआधी जवळजवळ वीस वर्षे करून ठेवली होती. लिस्बनच्या मानचिन्हातील पक्षी नौकेपेक्षा जुने आहेत, असा निष्कर्ष त्यातून निघतो आणि मानचिन्हाच्या उगमाविषयी सांगण्यासारखी हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

आता नौकेकडे वळायचे तर आधी ११४७ चे लिस्बन पाहिले पाहिजे. पोर्तुगालचा पहिला राजा अफोंसो हेन्रिकेस याने त्या वर्षी मुस्लिमांच्या ताब्यातील हे शहर सुमारे चार महिन्यांच्या वेढ्यानंतर ऑक्टोबरमध्ये जिंकले. त्याला मदत मिळाली ती दुसऱ्या धर्मयुद्धासाठी पवित्र भूमीकडे निघालेल्या इंग्लिश, फ्लेमिश आणि जर्मन योद्ध्यांच्या आरमाराची. या वेढ्याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन एका लॅटिन पत्रातून उपलब्ध आहे, आणि ते विजेत्यांच्याच बाजूच्या माणसाने लिहिलेले असूनही त्यात एक भयंकर तपशील आला आहे: शहरात शिरलेल्या योद्ध्यांनी लुटालूट केली आणि तेथील वयोवृद्ध ख्रिस्ती बिशपचाही गळा चिरला. मुस्लिम राजवटीखाली राहून ख्रिस्ती धर्म टिकवलेल्या आणि अरबी भाषा-रीती आत्मसात केलेल्या अशा स्थानिक लोकांना मोझाराब म्हणतात. धर्माच्या नावाने आलेल्यांनी धर्मबांधवालाच मारले, आणि नवा बिशप म्हणून गिल्बर्ट नावाचा हेस्टिंग्जचा इंग्रज नेमला गेला. जिंकलेल्या शहरात अशा प्रकारे उत्तरेकडून आलेले विजेते, स्थानिक मोझाराब, मागे राहिलेले मुस्लिम आणि ज्यू असे परस्परांविषयी साशंक समाज शेजारी शेजारी राहू लागले.

या पार्श्वभूमीवर व्हिन्सेंटचे महत्त्व ध्यानात येते. तो उत्तरेकडून आणलेला संत नव्हता. द्वीपकल्पातलाच होता, रोमन काळापासून पूजिला जात होता आणि मुस्लिम राजवटीतही मोझाराबांनी त्याची भक्ती सोडली नव्हती. शेजारच्या गॅलिसियात सांतियागो दे कोंपोस्तेला येथे संत जेम्सचे मोठे तीर्थ होते आणि तेथील आर्चबिशप लिस्बनच्या धर्मप्रांतावर अधिकार सांगत होता. अशा वेळी नव्या राज्याला स्वतःचा, कोणाकडून उसना न घेतलेला थोर हुतात्मा हवा असणे अगदी स्वाभाविक होते. अफोंसो हेन्रिकेस स्वतःला राजा म्हणवीत होता, पण पोपने त्याच्या राजेपणाला मान्यता दिली ती ११७९ मध्ये. त्याआधी सहा वर्षे, अल्मोहाद या मोरोक्कोस्थित मुस्लिम सत्तेशी झालेल्या तहाच्या काळात, भूशिराकडे नौका पाठवण्यात आली. दक्षिणेचा आल्गार्व्ह प्रांत तेव्हा मुस्लिमांकडेच होता आणि पुढे १२४९ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात पूर्णपणे आला नाही, त्यामुळे शत्रूच्या मुलखातून जमिनीवरून शवपेटी आणण्यापेक्षा सुमारे १९० किलोमीटरचा किनारा धरून समुद्रमार्गे आणणे शहाणपणाचे होते. मानचिन्हावर मिरवणूक, रथ किंवा शवपेटी न येता नौका आली, त्याचे कारण इतके व्यावहारिक आहे.

११७३ च्या सप्टेंबरमध्ये अवशेष लिस्बनला पोहोचले. लिस्बनच्या कॅथेड्रलमधील मास्टर स्टीफन नावाच्या अधिकाऱ्याने या स्थलांतराचा आणि त्यानंतरच्या चमत्कारांचा वृत्तांत लॅटिनमध्ये लिहून ठेवला आहे. नौका आल्यावर अवशेष आधी सांता जुस्ता चर्चमध्ये ठेवले गेले आणि मग कॅथेड्रलमध्ये नेण्यात आले. शहराच्या तटाबाहेर संताच्याच नावाचा मठ ११४७ मध्येच स्थापन झाला होता. ‘तटाबाहेरचा’ या अर्थाचे विशेषण लावून त्याला आजही साओ व्हिसेंते दे फोरा म्हणतात. संताचे नाव असलेल्या मठाला संत मिळाला नाही, तो तटाच्या आतल्या, बिशपच्या आणि नगराच्या चर्चला मिळाला. धार्मिक सत्तेची ही ओढाताण मानचिन्हात दिसत नाही, तरी मानचिन्ह मठाचे न होता नगरीचे का झाले याचे उत्तर बहुधा तिच्यातच आहे. अवशेष नगरीच्या मध्यवर्ती देवळात गेले आणि नगरीने ते आपले मानले.

रूढ कथेनुसार भूशिरावरून निघालेल्या नौकेसोबत दोन डोमकावळे आले आणि त्यांनी वाटेत एकाने नाळ व एकाने पिछाडी सांभाळली. संख्या दोनच का, याचा विचार करताना कथेपेक्षा मोहोर खोदणाऱ्या कारागिराकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. गोल मोहरेत नौका मध्यभागी बसवली की दोन्ही टोकांना रिकामी जागा उरते. तेथे एकेक पक्षी बसवला की रचना तोलली जाते. हुतात्म्याच्या मूळ कथेत एक पक्षी आहे, भूशिरावर अनेक, आणि मोहरेवर दोन. कथा आणि प्रतिमा यांत प्रतिमेने कथेला वळण देणे हे अशा चिन्हांच्या इतिहासात अनेकदा घडते. लिस्बनच्या कॅथेड्रलच्या आवारात डोमकावळे पाळण्याची प्रथा पुढे शतकानुशतके चालली आणि विसाव्या शतकात ती संपली. लोक त्या पक्ष्यांना नौकेसोबत आलेल्या जोडीचे वंशज मानीत.

इतर नगरांच्या तुलनेत लिस्बनच्या नौकेचे वेगळेपण उठून दिसते. पॅरिसच्या मानचिन्हावरही जहाज आहे, पण ते सीन नदीवरून माल वाहणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघाच्या मोहरेवरून आलेले आहे. अॅम्स्टरडॅमच्या जुन्या मोहरेवरचे जहाज तेथील सागरी व्यापाराचे निदर्शक आहे. मध्ययुगात बंदरे आणि नदीकाठची शहरे आपल्या मोहरेवर जहाज कोरीत ती बहुधा ‘येथे व्यापार होतो’ हे सांगण्यासाठी. तागुस नदीच्या मुखावर वसलेले आणि पुढे युरोपातील सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक ठरलेले लिस्बन हेच सांगू शकले असते, पण त्याने आपल्या नौकेत माल ठेवला नाही.

आज दिसते त्या ढालीचे रंग आणि तिची मांडणी मध्ययुगातून जशीच्या तशी आलेली नाही. जुन्या चित्रांत पार्श्वभूमीचे रंग बदलत राहिले, काही ठिकाणी शीड उघडलेले दिसते, कोठे लाटा निळ्या आहेत. नगरांच्या मानचिन्हांना एका शिस्तीत आणण्याचे काम पोर्तुगालमध्ये १४ एप्रिल १९३० च्या सरकारी परिपत्रकाने झाले. त्यानुसार प्रत्येक नगरपालिकेने आपले मानचिन्ह, ध्वज आणि मोहोर तज्ज्ञांकडून तपासून घेऊन अधिकृत करणे आवश्यक ठरले. अफोंसो द दोर्नेलास हा कुलचिन्हशास्त्राचा अभ्यासक या कामामागे होता. पुढे ७ ऑगस्ट १९९१ च्या ५३ क्रमांकाच्या कायद्याने हेच नियम नव्या स्वरूपात आणले. त्यांत मुकुटाचा नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ढालीवर जो मुकुट येतो तो राजाचा नसून बुरुजांचा असतो. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर सर्वप्रथम चढणाऱ्या सैनिकाला तटाच्या आकाराचा सोनेरी मुकुट देत. आधुनिक युरोपात तोच मुकुट स्वशासित नगराची खूण झाला. पोर्तुगालमध्ये लहान स्थानिक एककाला तीन बुरूज, नगराला चार आणि शहराला पाच, तेही रुपेरी. सोनेरी पाच बुरूज राजधानीलाच. पोर्तुगालमधल्या कोणत्याही गावी एखाद्या इमारतीवरच्या ढालीचे बुरूज मोजले की त्या वस्तीचा कायदेशीर दर्जा कळतो, इतकी ही पद्धत रोखठोक आहे. लिस्बनच्या ढालीभोवतीची माळ ‘मनोरा आणि तलवार’ या सन्मानाची आहे. शौर्य आणि निष्ठा यांसाठी दिला जाणारा हा सन्मान १८०८ मध्ये पुनरुज्जीवित झाला, आणि व्यक्तींप्रमाणे तो नगरांनाही मिळू शकतो.

नगरीचा ध्वजही याच शास्त्रातून आला आहे. मध्यबिंदूपासून निघणाऱ्या रेषांनी आठ त्रिकोणी तुकडे पाडायचे आणि ते आलटून पालटून काळे-पांढरे करायचे, अशी त्याची रचना आहे. या ध्वजाची सर्वांत विलक्षण प्रत लिस्बनमध्ये नाही, ती आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर सेउता येथे आहे. पोर्तुगालचा राजा पहिला जॉन याने १४१५ मध्ये सेउता जिंकले, आणि पोर्तुगालच्या सागरापलीकडील विस्ताराची सुरुवात तेथून मानली जाते. पोर्तुगाल आणि स्पेन १५८० मध्ये एका राजाच्या छत्राखाली आले व १६४० मध्ये पोर्तुगाल वेगळा झाला, तेव्हा सेउताने स्पेनच्या राजाकडेच राहणे पसंत केले, आणि १६६८ च्या तहाने ते स्पेनचे झाले. तरीही त्या शहराचा ध्वज आजही लिस्बनचाच काळा-पांढरा आहे आणि त्याच्या मध्यावरील ढालही पोर्तुगालच्या राजचिन्हाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. सत्ता बदलून साडेतीन शतके उलटली, तरी चिन्ह बदलण्याची गरज कोणाला वाटली नाही.

लिस्बनमध्ये मात्र नगरीचे मानचिन्ह आणि नगरीचे प्रेम यांची फारकत झालेली दिसते. लिस्बनमध्ये बाराव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेला, १२३१ मध्ये इटलीतील पादुआजवळ वारलेला आणि पुढच्याच वर्षी संत म्हणून घोषित झालेला अँथनी लोकांचा अधिक लाडका ठरला. १३ जूनला त्याच्या सणाची सुट्टी असते आणि त्याआधीच्या रात्री जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांमधून सार्डिन मासे भाजण्याचा धूर आणि गाणी दाटून येतात. व्हिन्सेंटच्या वाट्याला एवढा उत्सव येत नाही. लिस्बनच्या बऱ्याच रहिवाशांना नगरीचा संत अँथनीच वाटतो. गोव्यात आणि वसईच्या ख्रिस्ती समाजात संत अंतोनवर जी श्रद्धा आहे तीही पोर्तुगीजांबरोबर याच वाटेने आली. यातला दुवा असा की तरुणपणी अँथनी प्रथम दाखल झाला तो साओ व्हिसेंते दे फोरा या मठातच. पोर्टास दो सोल या उंचावरील सज्जातून खाली नदी दिसते. तेथे व्हिन्सेंटचा पुतळा उभा आहे आणि त्याच्या हातात मानचिन्हातली नौका डोमकावळ्यांसह धरलेली आहे. जवळूनच वाहणाऱ्या गर्दीला नौका ओळखीची वाटते, माणूस नव्हे. पण मानचिन्हाचे काम भक्ती टिकवण्याचे नाही. ते दस्तऐवजाचे काम करते, आणि व्हिन्सेंटचा दस्तऐवज नगरीने जपला आहे.

हे जपणे सर्वांत अधिक पायाखाली घडले आहे. काळ्या बेसाल्टचे आणि पांढऱ्या चुनखडीचे लहान चौकोनी दगड हाताने ठोकून पदपथावर नक्षी साधण्याची लिस्बनची कला १८४० च्या दशकात साओ जॉर्ज किल्ल्याच्या परिसरात सुरू झाली आणि रोसियो चौकातील लाटांच्या नक्षीने ती प्रसिद्धीस आली. नौका आणि डोमकावळे या कारागिरांचा आवडता विषय आहे, कारण मानचिन्हातले दोन्ही मुख्य घटक मुळातच काळे आहेत. पांढऱ्या जमिनीवर काळे दगड बसवले की ढालीचा नियम आपोआप पाळला जातो. आजच्या नगरपालिकेच्या बोधचिन्हातही ही नौका अगदी मोजक्या रेषांत उतरलेली आहे, आणि पायाखालच्या नौकेशी तिचे साम्य चटकन जाणवते.

संताच्या खुणेवरून शहराचे चिन्ह बनवण्याची ही रीत पोर्तुगीजांनी भारतातही आणली. गोव्याची नगरसभा लिस्बनच्या धर्तीवर उभी राहिली, पण तिने डोमकावळे घेतले नाहीत. अफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा दोनदा जिंकले. पहिल्यांदा मिळालेले शहर काही महिन्यांत हातचे गेले, आणि ते कायमचे ताब्यात आले ते २५ नोव्हेंबरला. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा. ज्या काटेरी चाकावर तिला मारण्याचे ठरले ते चाक तिच्या स्पर्शाने मोडले, अशी तिची कथा, म्हणून चाक ही तिची खूण. गोव्याने तेच चाक आपले चिन्ह केले, जुन्या गोव्याचे कॅथेड्रल तिलाच अर्पण झाले, आणि १९३५ मध्ये पोर्तुगालने आपल्या वसाहतींची मानचिन्हे ठरवली तेव्हा पोर्तुगीज भारताच्या ढालीवर बुरुजाजवळ कॅथरीनचे चाक आले. लिस्बनच्या ढालीवर एका संताचे आगमन आहे, तर गोव्याच्या ढालीवर एका लढाईची तारीख. दोन्ही ठिकाणी विजेत्यांनी विजय थेट न सांगता संताच्या नावाने सांगितला. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपल्यानंतर गोव्यातील त्या मानचिन्हाचा अधिकृत वापर संपला, पण जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या मुख्य वेदीवर कॅथरीनच्या हौतात्म्याचे प्रसंग सोन्याच्या मुलाम्यात कोरलेले आहेत, आणि गोव्याच्या ढालीवरचे चाक वाचायला शिकायचे असेल तर त्याची मुळाक्षरे तेथे मिळतात.